एकतीस तयार

शनिवारी दुपारी ताटं वाढून होतात न होतात तोच सूनबाईचा फोन 'टिंग' करून गप्प झाला. शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबचा निरोप होता: 'काम पूर्ण. एकतीस यंत्रे तयार.'

"झालं!" सूनबाई म्हणाली आणि तिनं फोन ताटाशेजारी असा मांडून ठेवला, जसं काही आता त्यालाही वाढायचं होतं.

"काय झालं?" समोरून बाबांनी विचारलं.

"लॅब झाली. आपली आपण पुसली, आपली आपण भरली. मी इथं काकडी खातेय आणि तिकडं सगळे कॉम्प्युटर नव्यासारखे होऊन बसलेत."

"हं," बाबा म्हणाले. "आमच्या वेळी माणसं कामाला जायची. आता काम माणसाला फोन करतं."

बाबा म्हणजे तिचे सासरे, आणि त्याच शाळेचे उपमुख्याध्यापक. एकाच घरातल्या दोघांनी एकाच शाळेत नोकरी करणं सोपं नसतं, पण या दोघांनी ते एका नियमावर निभावून नेलं होतं. फाटकाच्या बाहेर 'बाबा' आणि 'अगं', फाटकाच्या आत 'सर' आणि 'मॅडम'. रोज सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून जात, आणि एखादं वाक्य 'अगं'नं सुरू होऊन फाटक ओलांडल्यावर 'मॅडम'नं संपलं, असंही कैकदा झालं होतं. स्टाफरूमला त्याची सवय झाली होती. घरी सासूबाईंना झाली नव्हती, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या 'टिंग'मागे सूनबाईच्या कितीतरी सुट्ट्या खर्ची पडल्या होत्या. लॅबमध्ये तीस कॉम्प्युटर, आणि सगळी शाळा पाळीपाळीनं त्यांच्यावर बसायची. जे सगळ्यांचं असतं त्याचे जे हाल होतात ते त्यांचे होत. कुणी स्क्रीन उलटी करून ठेवी, तर कुणी सगळ्या सूचना अशा भाषेत बदलून ठेवी की ती भाषा कुठली हे शोधण्यातच तास जावा. कुणी पासवर्ड घालून विसरून जाई आणि वर मॅडमकडेच विचारायला येई. सत्र संपेपर्यंत प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा स्वभाव आलेला असे. मग सुट्टी लागली की बाकीचे शिक्षक गावोगावी जात आणि सूनबाई पेनड्राइव्ह घेऊन एकेका कॉम्प्युटरपुढे बसे. ऑपरेटिंग सिस्टिम पुसायची, नवी घालायची, आणि तीस वेळा त्याच प्रश्नांची तीच उत्तरं द्यायची. भाषा कोणती? घड्याळ कुठलं? सहमत आहात का? सहमत आहात का, असं तिला लग्नाच्या वेळीही इतक्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

या वर्षी तिनं सोक्षमोक्ष लावला. तिसांखेरीज एक जादा कॉम्प्युटर घेतला, त्यात जे हवं ते आणि तेवढंच घातलं आणि आपल्या टेबलाशेजारी वेगळा मांडला. त्याचं नाव पडलं 'थोरली'. दर शनिवारी दुपारी, सुट्टीतसुद्धा, कपाटातला सर्व्हर थोरलीची एक प्रत घेई, वायरींवाटे बाकीच्यांना जागं करी, त्यांच्यावरचं सगळं पुसून टाकी आणि ती प्रत जशीच्या तशी त्यांच्यात ओते. मधल्या वारी एखादा बिघडलाच, तर एक कळ दाबायची. पुढच्या तासापर्यंत तोही थोरलीसारखा शहाणा. थोरली करेल ते धाकट्यांनी करायचं. एकत्र कुटुंबाची पद्धत.

सुरुवातीला यात एक खोट होती. पुसण्याआधी प्रत्येक कॉम्प्युटर विचारी: 'या यंत्रावरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जाऊ?' आणि उत्तराची वाट बघत बसे. पहिल्या शनिवारी तीसच्या तीस जण सोमवारपर्यंत वाट बघत बसले. तेव्हा सूनबाईनं तो प्रश्नच काढून टाकला. शिक्षकसभेत तिनं अभिमानानं सांगितलं, "आता ते कुणाला काही विचारत नाही. वायर जोडलेली दिसली की कामाला लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत.

"मॅडम," ते सभेतच म्हणाले, "न विचारता काम करणारा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. पाहिला असता तर त्याला किल्ल्या दिल्या नसत्या."

सभा हसली. सूनबाईही हसली, आणि त्या हसण्यातच तिनं उरलेल्या दोन सूचना उरकल्या: थोरलीला कुणीही हात लावायचा नाही, आणि बाकी सगळं दर शनिवारी पुसलं जातं, फक्त थोरलीवर जे असतं ते कायम राहतं. सभेत माणसं आपल्या सोयीपुरतं ऐकतात. कोण काय ऐकून गेलं, हे तेव्हा कळलं नाही.

"पण मला एक सांग," काकडीची फोड हातात धरून आत्ता बाबा विचारत होते, "थोरलीवर जे असतं ते नक्की कुठंकुठं जातं?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे? ते तिच्याजवळ राहतं ना? कुलपात असल्यासारखं?"

"कुलूप कसलं बाबा. थोरलीवर काही ठेवलं की ते झाडून सगळ्या पोरांच्या कॉम्प्युटरवर जातं. काडीचाही फरक नाही. तीच तर सगळी गंमत आहे."

बाबांनी फोड परत ताटात ठेवली. "काय हो, खारट झालंय का?" सासूबाईंनी विचारलं. "नाही, पोट भरलं," बाबा म्हणाले. ताटात काही टाकलं तर सगळ्या घराला भाषण देणारा हा माणूस. एरवी सूनबाईनं लगेच कान टवकारले असते. पण नेमकी तेव्हाच तिची नजर फोनवर गेली होती.

एकतीस.

लॅबमध्ये तीस होते. थोरली धरून एकतीस होतात खरे; पण थोरली धरायची नाही, ती द्यायच्या बाजूला, घ्यायच्या नाही. सूनबाईनं मनात लॅबच्या रांगांवरून पुन्हा एक चक्कर मारली. तीसच. आणि कॉम्प्युटरना पिल्लं होत नाहीत.

ती हात धुऊन गॅलरीत गेली आणि तिनं शाळेच्या शिपाईमामांना फोन लावला.

"मामा, लॅबमध्ये कुणी नवीन कॉम्प्युटर ठेवलाय का?"

"नवीन कुठला मॅडम. आपल्या सरांचाच आहे."

"कुठल्या सरांचा?"

"उपमुख्याध्यापक सरांचा हो. तुमच्या सरांचा." मामा खुशीत होते. "खोलीला रंग लागतोय ना त्यांच्या. रंगारी म्हणाला टेबल रिकामं करा. मी म्हटलं एवढं महागाचं मशीन पॅसेजमध्ये कशाला, धूळ खाईल. लॅबमध्ये नेलं. कोपऱ्यात एक वायर मोकळी लोंबत होती, तीपण जोडून टाकली."

"वायर का जोडली मामा?"

"मोकळी होती ना."

सूनबाईनं मोजलं: तीस, आणि हा एक.

"काही चुकलं का मॅडम?"

"नाही मामा. शाळा उघडी आहे का आत्ता?"

"छे. रंगारी गेला, मी कुलूप लावून बहिणीकडं आलोय. उद्या सकाळी उघडतो की."

सूनबाई गॅलरीतल्या स्टुलावर बसली. बाबांच्या कॉम्प्युटरवर काय होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. वेळापत्रक होतं.

सगळ्या शाळेचं वेळापत्रक बाबा करत. आजवर त्यांनी ते कागदावर केलं होतं: भिंतीएवढा तक्ता, रंगीत चिठ्ठ्या, टाचण्या. कुठल्या शिक्षकाला कुठला वर्ग, कुठला तास, एवढंच ते काम असतं असं बाहेरच्याला वाटतं. पण भाषेच्या बाईंचे गुडघे धरलेले असतात, त्यांना लागोपाठ खालचा आणि वरचा मजला देता येत नाही. खेळाच्या सरांना जेवणानंतरचा तास दिला तर पोरं मैदानावर असतात आणि सर झाडाखाली. गणिताचे सर आणि विज्ञानाच्या बाई एकमेकांशी बोलत नाहीत, का ते आता दोघांनाही आठवत नाही, पण दोघांचा मोकळा तास एकाच वेळी आला तर अख्खी स्टाफरूम व्हरांड्यात उभी राहते. हे कुठंही लिहिलेलं नसतं. ते बाबांच्या डोक्यात असे, आणि दरवर्षी तक्ता लागला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात तक्रारींची रांग लागे.

या वर्षाअखेर बाबा निवृत्त होणार होते. एकदा तरी असं वेळापत्रक करायचं की कुणाची एक तक्रार येणार नाही, एवढी एकच त्यांची हौस उरली होती. सगळी सुट्टी ते त्यात घालवत होते. आणि ते कॉम्प्युटरवर करा म्हणून त्यांच्या मागे लागली होती सूनबाई. "कागद फाटतो बाबा, टाचण्या पडतात. कॉम्प्युटरवर कसं, सुरक्षित!" बाबांनी बरेच आढेवेढे घेतले आणि मग ऐकलं. पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा म्हटलं तर तेवढं ऐकलं नाही, कारण त्यांचे दोन पेनड्राइव्ह सासूबाईंनी खिशासकट धुऊन, पिळून वाळत घातले होते.

काल संध्याकाळी बाबा घरी आले ते शीळ घालतच. "जमलं," एवढंच म्हणाले होते. सोमवारी सत्र सुरू. सकाळी सभा, सभेत वेळापत्रक. आणि आज दुपारी त्यांच्या सुनेच्या व्यवस्थेनं, कुणाला काही न विचारता, त्यांचा कॉम्प्युटर लख्ख पुसून काढला होता.

त्या संध्याकाळी बाबांशी नजरानजर होऊ नये म्हणून सूनबाईनं दोन कपाटं आवरली. बाबांनीही एकदाही तिच्याकडे बघितलं नाही, हे तिच्या पथ्यावरच पडलं.

रविवारी सकाळी चहा होताच दोघं एकाच वेळी बोलले.

"मी जरा शाळेत जाऊन येते."

"मी जरा शाळेत जाऊन येतो."

दोघंही थबकले.

"वायर बघायचीय एक," सूनबाई म्हणाली.

"रंग बघायचाय," बाबा म्हणाले. "रंगारी काय वाटेल ते फासून ठेवतात."

"रविवारी शाळेत पळणारं घर आपलंच असेल," सासूबाई म्हणाल्या. "पोरंसुद्धा असं करत नाहीत."

स्कूटरवर कुणी बोललं नाही. एरवी वाटेत बाबा मागच्या सीटवरून ब्रेक कधी लावायचा ते सांगत. आज एक खड्डा सरळ चाकाखाली आला तरी ते गप्प. यांना कळलंय, सूनबाईला वाटलं. मामांनी सांगितलं असणार. आता हे माझ्या तोंडून ऐकायची वाट बघतायत.

फाटकाशी मामा उभेच होते. स्कूटर आत शिरली.

"सर, तुमची खोली वरच्या मजल्यावर आहे," सूनबाई म्हणाली. "तुम्ही रंग बघून या. तोवर मी लॅबमध्ये आहे."

"मला रंगाचा वास चढतो, मॅडम. आधी लॅबमध्ये जरा टेकतो."

रंग बघायला आलेल्या माणसाचं हे म्हणणं जरा चमत्कारिक होतं. पण आपणच कात्रीत सापडलेलो असताना दुसऱ्याच्या बोलण्यातली विसंगती कोण तपासतो? दोघं लॅबमध्ये गेले. बाबा तडक सूनबाईच्या टेबलाकडे गेले, "ही खुर्ची बरी आहे," म्हणाले आणि थोरलीसमोर बसले. कोपऱ्यातल्या आपल्या कॉम्प्युटरकडे त्यांनी पाहिलंही नाही. सूनबाईनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि ती पाठमोरी कोपऱ्याकडे वळली.

तिनं कॉम्प्युटर सुरू केला. बाबांच्या स्क्रीनवर नुसता करडा रंग असे. चित्रं लावणाऱ्या माणसाला काम नसतं, असं त्यांचं मत होतं. आता तिथं पिवळंधमक बदक पोहत होतं. लॅबमधल्या प्रत्येक स्क्रीनवर असतं तेच. खाली चित्रकलेचा कार्यक्रम, टायपिंगचा खेळ, बेरीज-वजाबाकी. ज्या जागी बाबांचं वेळापत्रकाचं फोल्डर असायचं तिथं तिनं पाहिलं. तिथं बदकाची शेपटी होती. तिनं शोधायचं म्हणून अजून दोन ठिकाणी टिचकी मारली, तीही उगाचच. व्यवस्था तिनंच बसवली होती. ती किती नीट काम करते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सांगून टाकायचं. आत्ता, इथंच. ती वळली.

बाबा थोरलीवर ओणवे झाले होते. दोन्ही हातांची एकेक तर्जनी दोन कळांवर रोवून, श्वास रोखून. ती दोन कळांची युक्ती तिनंच त्यांना घरी शिकवली होती: नुसतं पुसलं तर ते कचऱ्याच्या टोपलीत पडून राहतं बाबा, या दोन कळा एकदम दाबल्या की कायमचं जातं. थोरलीनं विचारलं, 'कायमचं पुसायचं?' थोरली अजून प्रश्न विचारत होती. बाबांचं बोट 'हो'वर गेलं.

"बाबा, थांबा!"

शाळेच्या आत ती पहिल्यांदाच 'बाबा' म्हणाली होती. दोघंही दचकले. पण बोट तोवर पडलं होतं.

"काय पुसलंत?"

"काही नाही, मॅडम."

"बाबा!"

"वेळापत्रक," बाबा म्हणाले, आणि मग एकदा तोंड उघडल्यावर भडाभडा बोलू लागले. "शुक्रवारी ठेवलं होतं इथं. खोलीत रंगारी येणार, त्याचा डबा उलटला, माझ्या मशीनवर सांडला तर? तूच सभेत म्हणाली होतीस ना, थोरलीवरचं कायम राहतं म्हणून. म्हटलं एक प्रत असू दे इथं. आता मी भर सभेत तुझ्या थोरलीची टिंगल केलेली, तिच्याच पदरात गुपचूप फाइल टाकली हे सांगायचं कुठल्या तोंडानं? तर काल जेवताना तू म्हणतेस की हे सगळ्या पोरांकडे जातं! माझा घास अडकला. सोमवारी सभेच्या आधी पोरांना वेळापत्रक माहीत, म्हणजे माझी काय शोभा? म्हणून आलो पुसायला. पुसलं. झालं. चिडू नकोस."

"बाबा, दुसरी प्रत कुठंय?"

"दुसरी काय, मूळच आहे की माझ्या कॉम्प्युटरवर. काळजी कसली?"

सूनबाई पोरांच्या स्टुलावर बसली. ते इतकं बुटकं होतं की तिचे गुडघे हनुवटीशी आले.

"ते नाहीये," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. रंगारी, मामा, लोंबती वायर, काढून टाकलेला प्रश्न. मध्येच थांबावंसं वाटत होतं, तरी शेवटपर्यंत सांगितलं. बाबांनी एकदा मान वळवून कोपऱ्यातल्या बदकाकडे पाहिलं.

"म्हणजे मूळ तू पुसलंस," ते हळू म्हणाले, "आणि नक्कल मी."

"हो."

"घरच्या घरी."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. कागदावर असतं तर, असं ते आता म्हणणार, याची सूनबाई वाट बघत बसली. ते म्हणायचा त्यांना हक्क होता. जन्मभर, रोज दोन्ही वेळच्या जेवणाला म्हटलं असतं तरी ती ऐकून घेणार होती. बाबा म्हणाले नाहीत. चष्मा पुसत ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिले, "गुडघे खाली... खेळ सकाळी... गणित, आणि मग विज्ञान... नाही, तिथं विज्ञान नव्हतं. काय होतं बरं तिथं?" त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथंच अडले. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं सूनबाईला वाटलं.

"जाऊ दे," शेवटी बाबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा चढवला. "गेल्या वर्षीचंच लावू. तक्रारींची मला सवय आहे." मग सवयीनंच पुढचं काम काढलं. "निदान पोरांच्या कॉम्प्युटरवरून तरी ते गेलं ना? का ते अजून—"

"कसं जाईल? थोरलीवरून आत्ता पुसलंत तुम्ही. त्यांच्यावर तर कालच—"

ती थांबली.

"कालच काय?"

"कालच गेलं," सूनबाई म्हणाली. स्टुलावरून ती इतक्या झपाट्यानं उठली की ते आडवं झालं. "बाबा, कालच गेलं! सगळ्यांवर!"

तीस स्क्रीन काळ्या, ओळीनं, गपगार बसल्या होत्या. तिनं सगळ्यात जवळच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. बदक आलं. तिनं स्क्रीनवरचं फायलींचं कपाट उघडलं. थोरलीवर जी फोल्डरं तिनं स्वतः ठेवली होती त्यांच्या खाली, तिनं कधीच न ठेवलेलं एक फोल्डर होतं. नाव होतं 'उघडू नये'.

"हेच!" बाबा मागून म्हणाले. "म्हणजे कुणी उघडू नये म्हणून नाव दिलं."

आत वेळापत्रक होतं. गुडघे खालच्या मजल्यावर, खेळ सकाळी, गणित आणि विज्ञान एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर. बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवून एक ओळ वाचली. "भूगोल!" ते ओरडले. "तिथं भूगोल होता! तरीच जमत नव्हतं!"

खरं तर एक कॉम्प्युटर पुरे होता. पण बाबांनी शेजारचा लावला, त्यावरही होतं. सूनबाईनं समोरचा लावला, त्यावरही. मग दोघांना थांबवेना. ती या रांगेतून आणि बाबा त्या रांगेतून बटणं दाबत निघाले. "आहे!" "इथंपण आहे!" आणि एकेक करून सगळी बदकं पोहायला लागली. सगळ्यात शेवटी सूनबाई कोपऱ्यातल्या, बाबांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरपाशी आली. तिच्या व्यवस्थेनं त्यावरचं वेळापत्रक पुसलं होतं आणि त्याच दमात ते परतही आणून ठेवलं होतं. मघाशी ती त्याच्यासमोर बसून, बदकाच्या शेपटीकडे बघून, सुतकी चेहऱ्यानं उठली होती.

आवाज ऐकून मामा दारात आले. "सर, सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम," बाबा म्हणाले. "मामा, ती वायर तुम्ही जोडलीत?"

"हो. चुकलं असलं तर—"

"छान जोडलीत. पुन्हा जोडू नका."

मामा गेल्यावर सूनबाईचं लक्ष त्या यादीवर गेलं. 'उघडू नये' एकटं नव्हतं. त्याच्या खाली 'वैयक्तिक' होतं. 'तात्पुरते' होतं. 'घरी नको' असंही एक होतं.

"हे कुणाचं?"

"मला काय माहीत. मी फाइल ठेवायला आलो तेव्हा इथं आधीच गर्दी होती," बाबा म्हणाले. "मला वाटलं सगळ्यांना परवानगी आहे, मलाच सांगितलं नाही."

म्हणजे थोरलीवरचं कायम राहतं, एवढंच सगळी सभा ऐकून गेली होती. गेले कित्येक आठवडे प्रती उतरायला वेळ लागतोय म्हणून सूनबाई वायरींना दोष देत होती. एका फोल्डरचं नाव 'सराव' होतं. तिनं त्यातली एक फाइल लावली. पेटी वाजली, आणि मग खेळाच्या सरांचा आवाज आला. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचणारा तो आवाज इथं मात्र अतिशय हळुवारपणे, स्वर चुकवत, कुठलंसं गाणं शिकत होता. सूनबाईला ती चाल ओळखीची वाटली. सहावीचा अख्खा वर्ग चित्रं रंगवताना तीच चाल, तिथंच चुकून, गुणगुणत असे. एका पोरीनं तिला विचारलंही होतं, "मॅडम, सरांना वरचा सूर कधी जमणार?" तेव्हा तिला वाटलं होतं, ही संगीताच्या सरांबद्दल बोलतेय.

"बंद कर, बंद कर," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण तसा बरा लागतोय आवाज."

दोघांनी मिळून कामं वाटून घेतली. वेळापत्रक बाबांच्या कॉम्प्युटरवर आहे याची खात्री केली. तरी बाबांनी ते कागदावर दोनदा छापून घेतलं, आणि एक प्रत स्कूटरच्या डिकीत ठेवायला लावली. सूनबाईनं थोरलीवरची सगळ्यांची फोल्डरं उचलून एका पेनड्राइव्हवर घेतली. सोमवारी ज्याचं त्याला, शक्यतो एकांतात, द्यायची होती. मग तिनं काढून टाकलेला प्रश्न परत बसवला. सगळ्यांसाठी नाही, लॅबमधल्या तिसांना व्यवस्था ओळखत होती. अनोळखी कॉम्प्युटर दिसला तरच थांबून विचारायचं, आणि थोड्या वेळात उत्तर नाही आलं तर त्याला हात न लावता पुढे जायचं.

"काय विचारायचं?" तिनं बाबांना विचारलं.

बाबांनी हात मागे बांधले आणि सूचनाफलकावरचा मजकूर सांगावा तसं सांगितलं, "लिही. 'आपण इथले दिसत नाही. आपल्यावरचं सगळं पुसायचं आहे काय?'"

"एवढं मोठं?"

"अगं, माणसाला विचारायचं तर नीट विचारावं."

फाटकाच्या आत ते 'अगं' म्हणाले होते. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, आणि सूनबाईनं आणून दिलं नाही.

लागलीच एक फेरी सुरू केली. बाबांच्या कॉम्प्युटरवरचं बदक गेलं आणि तो प्रश्न आला. बाबा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले, प्रश्न एकदा वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि 'नाही'ची कळ अशी दाबली, जशी काही ती दाबायची सगळ्या नोकरीत राहून गेली होती.

"आता तुमचा करडा रंग परत लावून देऊ का? ते बदक आणि खेळ काढून टाकते."

"बदक काढ," बाबा म्हणाले. "टायपिंगचा खेळ असू दे. रिकामा वेळ असतो कधीकधी."

परतताना खड्डा आला तेव्हा बाबा मागून ओरडले, "ब्रेक!" सूनबाईला इतकं बरं वाटलं की तिनं दोनदा लावला.

घरी ताटं वाढली गेली. बाबांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं. "रंग बरा लागलेला दिसतोय," त्या म्हणाल्या.

"कुठला रंग?" बाबा म्हणाले.

तेवढ्यात 'टिंग' झालं. सूनबाईनं फोन पाहिला आणि काही न बोलता ताटांवरून बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचलं: 'काम पूर्ण. तीस यंत्रे तयार. एका यंत्राने नकार दिला.'

"शहाणं आहे पोरगं," बाबा म्हणाले आणि त्यांनी काकडीची फोड उचलली.